लोकशाही देश एकमेकांशी लढत नाहीत, हे कितपत खरे?

मागच्या अंकातल्या टिपणात आम्ही एक वाक्य लिहिले होते: ‘स्थिरावलेल्या दोन लोकशाही देशांमध्ये उघड युद्ध झाल्याचे उदाहरण शोधूनही सापडत नाही.’ त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी ते उचलून धरले, पण हरकत घेणारे जास्त होते. हरकती रास्त आहेत. निवडक सहा पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : हे मत जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटचे म्हणून सांगितले जाते. कांटने खरेच असे लिहिले आहे का? वर्गात मुले विचारतात तेव्हा नेमके काय सांगावे?
(उच्च माध्यमिक शिक्षिका, फोंडा)

या शब्दांत नाही. कांटची ‘शाश्वत शांती’ ही छोटी पुस्तिका १७९५ सालची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रशिया आणि क्रांतिकारी फ्रान्स यांच्यात बाझेलचा तह झाला होता, आणि कांटने आपले लिखाणही तहनाम्यासारखेच मांडले: आधी सहा प्राथमिक कलमे, मग तीन निर्णायक कलमे. नाव घेतले ते एका डच खाणावळीच्या पाटीवरून. पाटीवर ‘शाश्वत शांती’ अशी अक्षरे आणि खाली स्मशानभूमीचे चित्र होते. माणसांना शांतता मेल्यावरच मिळायची का, हा प्रश्न तो पहिल्याच ओळींत उभा करतो.

तीन निर्णायक कलमांपैकी पहिले सांगते की प्रत्येक राज्याची घटना प्रजासत्ताक असावी. त्यामागचा तर्क वर्गात असा सांगता येईल. युद्ध करायचे की नाही हे नागरिकांच्या संमतीवर अवलंबून असेल, तर ते दहा वेळा विचार करतील. लढायचे त्यांनी, खर्च भरायचा त्यांनी, उद्ध्वस्त झालेले पुन्हा उभारायचे त्यांनी, आणि वर कर्जाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहायचेही त्यांनीच. जिथे राज्यकर्ता देशाचा मालक असतो तिथे त्याच्या मेजवान्या, शिकारी, राजवाडे यांतले काहीच युद्धामुळे कमी होत नाही. म्हणून क्षुल्लक कारणावरूनही तो युद्ध पुकारतो.

इथे एक चूक हमखास होते. कांट ‘लोकशाही’ म्हणत नाही, ‘प्रजासत्ताक’ म्हणतो. सगळ्यांनी मिळून थेट राज्य करण्याला तो हुकूमशाहीच समजत असे, कारण तिथे कायदा करणारे आणि तो राबवणारे एकच होतात. त्याला हवे होते प्रतिनिधी आणि सत्तेची विभागणी. परीक्षेत मुलांचे गुण इथेच जातात.

दुसरे कलम स्वतंत्र राज्यांच्या संघाचे. तिसरे गोमंतकीय वाचकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. परक्या भूमीवर पाहुणा म्हणून जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तो भेटीपुरता, असे कांट म्हणतो. युरोपीय राष्ट्रांनी ‘भेट’ म्हणजे ‘जिंकणे’ असा अर्थ लावला, अशी टीका करताना तो हिंदुस्तानचे नाव घेतो: व्यापारी ठाणी काढण्याच्या निमित्ताने परके सैन्य आणले आणि लोकांवर जुलूम केला. प्राथमिक कलमांतले दुसरे सांगते की कोणतेही स्वतंत्र राज्य वारसाने, अदलाबदलीने, विकत किंवा भेट म्हणून दुसऱ्याला देता कामा नये. पोर्तुगीज राजघराण्याने १६६१ च्या विवाह-करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली होती, ती हीच रीत.

हा विचार आकडेवारीने तपासण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. डीन बाब्स्ट यांचा लेख १९६४ चा, मायकल डॉईल यांची कांटवरची मांडणी १९८३ ची. १९८८ मध्ये जॅक लेव्ही यांनी लिहिले की आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात अनुभवसिद्ध नियमाच्या इतके जवळ जाणारे दुसरे काही आपल्याकडे नाही. आज जे ‘लोकशाही शांतता’ म्हणून शिकवले जाते ते या संशोधकांचे काम आहे, कांटचे थेट विधान नव्हे.

प्रश्न : १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, तो नाका आमच्याच तालुक्यातला. सहा वर्षांनी भारतीय सैन्य आत आले. भारत लोकशाही देश होता, तरी त्याने सैन्य पाठवलेच. तुमचा सिद्धांत इथेच मोडत नाही का?
(निवृत्त वाचक, पेडणे)

मोडत नाही. मात्र तुमच्या प्रश्नाने आमचे मागचे टिपण अपुरे होते हे दाखवले.

सिद्धांत एकेका देशाविषयी नाही, जोडीविषयी आहे. लोकशाही देश लढतच नाहीत असे तो म्हणत नाही. ते भरपूर लढतात. दोन्ही बाजूंना लोकशाही असेल तर लढत नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे. आता १९६१ ची जोडी पाहा. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला सालाझारचा पोर्तुगाल. सालाझार १९३२ पासून पंतप्रधान होता. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, गुप्त पोलीस होते, आणि निवडणुका झाल्या तरी विरोधकांना जिंकण्याची वाट नव्हती. १९५० मध्ये भारताने गोव्याविषयी बोलणी मागितली. पोर्तुगालने नकार दिला, आणि १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींचे नाव ‘सागरपार प्रांत’ केले, म्हणजे बोलण्यासारखे काही उरूच नये. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली.

पत्रादेवीच्या गोळीबाराची किंमत लिस्बनमध्ये कोणाला मोजावी लागली? कोणालाच नाही. कोणी जाब विचारला नाही, कोणाची खुर्ची गेली नाही. कांटने ज्याला देशाचा मालक म्हटले, तो माणूस इथे समोर उभा दिसतो. डिसेंबर १९६१ मध्ये तर तो आणखी जवळून दिसतो. १४ डिसेंबरच्या संदेशात सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना बजावले की तहही नको आणि कैदी झालेले पोर्तुगीजही नकोत. आपले सैनिक आणि खलाशी एकतर जिंकतील नाहीतर मरतील. हजारो मैलांवर बसलेल्या माणसाला असे लिहायला काहीच लागत नाही. वासालो ई सिल्वा यांनी तो हुकूम शेवटपर्यंत पाळला नाही, १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, आणि त्यामुळे पणजी आणि वास्को वाचले. पुढे त्यांना सैन्यातून बडतर्फ केले गेले आणि १९७४ नंतरच परत सामावून घेतले.

२५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये राजवट उलथली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या, आणि पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. जे सत्तावीस वर्षे अडून राहिले होते ते आठ महिन्यांत सुटले.

हे उदाहरण सिद्धांताचा पुरावा म्हणून मिरवण्याचा मोह होतो. थोडे थांबायला हवे. पोर्तुगालमधली पहिली मोकळी निवडणूक २५ एप्रिल १९७५ ची. करार झाला तेव्हा तिथे हंगामी सरकार होते, आणि क्रांती घडवली ती अंगोला, गिनी आणि मोझांबिकच्या लढायांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी. म्हणून एवढेच म्हणावे की कोणालाच जाब न देणारी सत्ता गेली आणि गाठ सुटली. ‘लोकशाही आली म्हणून करार झाला’ हे वाक्य तारखांच्या कसोटीला उतरत नाही.

आणखी एक गोष्ट. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताने कारवाई थांबवावी असा ठराव आला. बाजूने सात, विरोधात चार. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स हे लोकशाही देश ठरावाच्या बाजूने, म्हणजे आपल्या विरोधात होते, कारण पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. ठराव अडला तो सोव्हिएत नकाराधिकाराने. लोकशाही देश एकमेकांशी लढत नसतील, पण ते एकमेकांच्या बाजूने उभे राहतात असे मुळीच नाही.

प्रश्न : मतपेटीत असे काय आहे की त्यामुळे दोन देश लढत नाहीत?
(वाचक, साखळी)

नुसत्या मतपेटीत फारसे काही नाही. अभ्यासक तीन कारणे देतात. पहिले कांटचेच, युद्धाचा खर्च ज्यांच्यावर पडतो त्यांची संमती लागते. यात उणीव अशी की हेच कारण पुरेसे असते तर लोकशाही देश कोणाशीच लढले नसते. दुसरे कारण उघडेपणाचे. संसदेत विरोधक असतात, वर्तमानपत्रे असतात, जाहीर धमकी देऊन मागे हटणाऱ्या पंतप्रधानाची घरीच नाचक्की होते. म्हणून त्याची धमकी खरी की पोकळ, हे समोरच्याला लवकर कळते आणि गैरसमजाने पेटणारी युद्धे टळतात.

आमच्या मते सर्वांत वजनदार कारण तिसरे: हरण्याची सवय. आणि ते समजून घ्यायला बाहेर कुठे जायला नको. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. प्रश्न लहान नव्हता. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा, म्हणजे भूमीचा, भाषेचा आणि ओळखीचा प्रश्न. जगात अशा प्रश्नांवर रक्त सांडले आहे. कौल मोकळा व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आधीच पायउतार झाले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. या पानाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नसेल. तरीही हरलेल्यांनी निकाल मानला. आणि काही आठवड्यांतच त्याच मतदारांनी विधानसभेत विलीनीकरणाची बाजू घेणाऱ्या भाऊसाहेबांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला पुन्हा निवडून दिले, भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. आज हरलो तरी उद्या पुन्हा उभे राहता येते, समोरचा आपल्याला संपवणार नाही, हा भरवसा तो हाच. ज्या समाजाला घरात तो भरवसा असतो तो दुसऱ्या तशाच समाजाशी भांडतानाही तोच धरून चालतो, असे या कारणाचे म्हणणे.

समोरचा तसा नाही असे वाटले की मात्र हा संयम सुटतो.

प्रश्न : राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी हा विषय घेतला आहे. सर म्हणतात, कारगिलने सिद्धांत खोटा ठरवला. तपासायचे कसे?
(बारावीचा विद्यार्थी, मडगाव)

आधी तक्ता आखून घे. रकाने सहा: संघर्षाचे नाव, सुरू झाल्याची तारीख, देश ‘अ’ची त्या वर्षीची राज्यपद्धत, देश ‘ब’ची त्या वर्षीची राज्यपद्धत, लढाईतले मृत्यू, आणि सैन्याला हुकूम देण्याचा अधिकार खरोखर कोणाकडे होता. शेवटचा रकाना बहुतेक जण वगळतात, आणि खरा अभ्यास तिथेच आहे.

युद्ध कशाला म्हणायचे याची प्रचलित मर्यादा लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून किमान १,००० मृत्यू अशी आहे. १९६३ मध्ये डेव्हिड सिंगर यांनी मिशिगन विद्यापीठात सुरू केलेल्या ‘युद्धाचे सहसंबंध’ प्रकल्पाने ती रूढ केली. या मर्यादेने गोव्यातली १९६१ ची कारवाई ‘युद्ध’ ठरत नाही, कारण लढाईतले मृत शंभराच्या आत होते. लोकशाही मोजायला ‘पॉलिटी’ नावाची मोजपट्टी वापरतात. ती उणे १० ते अधिक १० अशी असून ६ किंवा त्याहून जास्त गुण असले की लोकशाही धरतात.

आता चुका कुठे होतात ते पाहा. पहिली, आजची राज्यपद्धत कालच्या युद्धाला लावणे. १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन लढले, पण ब्रिटनमध्ये मतदानाची पहिली मोठी सुधारणा १८३२ ची. दुसरी चूक उलटी आणि जास्त घातक, युद्ध झाले म्हणून मागाहून लोकशाहीचा शिक्का काढून घेणे. १९१४ च्या जर्मनीत सगळ्या प्रौढ पुरुषांना संसदेसाठी मत होते, पण चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, संसदेला नव्हे, कैसरला (सम्राटाला) जबाबदार होता. ‘जर्मनी लोकशाही नव्हती’ असे म्हणायचे असेल तर हे कारण दे. ‘ती लढली म्हणून’ हे कारण चालणार नाही. तिसरी चूक म्हणजे नुसती शांत जोडी पुरावा म्हणून मोजणे. दूरचे आणि सीमा न लागणारे देश तसेही लढत नाहीत. शिवाय १९४५ पूर्वी लोकशाही देश मोजके, आणि त्यानंतर त्यांतले बरेचसे अमेरिकेच्या गोटात. शांतता लोकशाहीमुळे की समान शत्रूमुळे, हा आक्षेप अजून पूर्ण फिटलेला नाही. जाता जाता हेही नोंद कर की स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मत मिळाले १९७१ मध्ये. जुन्या याद्यांतली ‘लोकशाही’ अनेकदा अर्ध्या लोकांचीच होती.

आता कारगिल. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, २१ तारखेला लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. तेव्हाचे पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ १९९७ मध्ये निवडून आलेले. काही आठवड्यांतच घुसखोरी उघड झाली. भारताचे ५२७ जवान धारातीर्थी पडले, आणि युद्धांच्या प्रचलित यादीत कारगिल आहे. म्हणजे दोन निवडून आलेली सरकारे, सामाईक सीमा आणि युद्ध. तुझ्या सरांचे म्हणणे हलके नाही.

पण सहावा रकाना भर. पाकिस्तानात सैन्यावर मुलकी सरकारची हुकमत नव्हती, आणि १२ ऑक्टोबर १९९९ ला सेनाप्रमुखांनी सरकारच बाजूला केले. सिद्धांताचे समर्थक ‘म्हणून ती लोकशाही नव्हतीच’ असे म्हणतात. आम्हाला ही पळवाट वाटते, कारण बंड नंतरचे आहे. प्रामाणिक उत्तर असे की निवडणूक हा निकष तोकडा आहे, सैन्य कोणाचे ऐकते हे युद्धाच्या आधी स्वतंत्रपणे मोजायला हवे, आणि तसे मोजल्यावर नियम टिकतो का ते बघायला हवे. पाकिस्तानात लष्कराचे वर्चस्व १९५८ पासून वारंवार दिसते, त्यामुळे हा निकष मागाहून लावलेला ठरत नाही. हे सहा रकाने भरलेली दहा उदाहरणे तुझ्या प्रकल्पाला पुरेत.

प्रश्न : मग सगळे देश लोकशाही करून टाकले की झाले! बळ वापरून केले तर काय बिघडते?
(वाचक, डिचोली)

बरेच बिघडते, आणि ते कांटनेच सांगून ठेवले आहे. त्याचे पाचवे प्राथमिक कलम म्हणते की कोणत्याही राज्याने दुसऱ्याच्या घटनेत किंवा कारभारात बळाने ढवळाढवळ करू नये. त्याचे नाव घेऊन २००३ च्या इराकसारख्या युद्धाचे समर्थन करणारे हे कलम वाचत नाहीत.

व्यवहारातले कारण असे. हुकूमशाहीतून लोकशाहीकडे जातानाचा मधला काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे एडवर्ड मॅन्सफील्ड आणि जॅक स्नायडर यांनी १९९५ मध्ये दाखवले. निवडणुका आधी येतात. न्यायालये, मोकळी वृत्तपत्रे, शिस्तीत वागणारे सैन्य मागून येते. या फटीत जुन्या सत्ताधाऱ्यांना मते मिळवायला सर्वांत सोपा रस्ता दिसतो, तो शेजाऱ्याचा द्वेष. युगोस्लाव्हियाच्या घटकराज्यांत १९९० मध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्या, १९९१ मध्ये तिथे युद्ध पेटले.

आणि प्रस्थापित लोकशाही देशांचे हातही स्वच्छ नाहीत. १९५३ मध्ये इराणचे मोसादेग, १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे आर्बेन्झ ही लोकांचा पाठिंबा असलेली सरकारे अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्या मदतीने पाडली गेली, इराणच्या बाबतीत ब्रिटनचाही हात होता. १,००० मृत्यूंच्या मर्यादेमुळे ही प्रकरणे युद्धांच्या यादीत येतच नाहीत. हे सिद्धांताचे खरे दुखणे आहे आणि ते झाकू नये. एवढे मात्र लक्षात घ्या की हे सगळे गुपचूप करावे लागले. स्वतःच्या मतदारांना उघडपणे पटवता आले नसते, म्हणूनच अंधार लागला.

प्रश्न : आमच्याकडे परराज्यातले ट्रॉलर बारा सागरी मैलांच्या आत शिरले की जाळ्यांवरून मारामारीपर्यंत जाते. दोन लोकशाही देशांत मासळीवरून काही झाले आहे का?
(ट्रॉलरमालक, कुटबण)

झाले आहे, आणि तेही नाटोतल्या दोन मित्रांत. ब्रिटन आणि आइसलँड यांच्यात कॉड माशावरून १९५८ ते १९७६ या काळात तीन झगडे झाले. आइसलँडने आपली हद्द आधी १२, मग ५०, शेवटी २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली. त्यांच्या गस्ती नौका एक अवजार मागे ओढत ब्रिटिश ट्रॉलरच्या मागून आडव्या जात आणि जाळ्याची लोखंडी दोरी कापून टाकत. जाळे आणि आतली मासळी तळाला. ब्रिटनने युद्धनौका पाठवल्या, नौका एकमेकांवर आदळल्या, फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडने राजनैतिक संबंधही तोडले. आइसलँडकडे सैन्य नव्हतेच, पण केफ्लाविकचा नाटो तळ बंद करण्याची धमकी होती, आणि ती खरी आहे हे लंडनला कळत होते.

जून १९७६ मध्ये समझोता झाला. ब्रिटनने हद्द मान्य केली. सहा महिन्यांपुरते एका वेळी जास्तीत जास्त २४ ब्रिटिश ट्रॉलर आत जाऊ शकतील असे ठरले, त्यानंतर तेही बंद. तोफा फारशा चालल्या नाहीत, पण या शांततेची किंमत हल आणि ग्रिम्सबी बंदरांतल्या खलाशांनी आणि मासळी कामगारांनी मोजली. त्यांचे दूरच्या समुद्रातले काम त्यानंतर परत आले नाही.